गाठीने अडलेले मोठे आतडे : शस्त्रक्रियेचे पर्याय आणि त्यांचा क्रम

मोठ्या आतड्याचा कर्करोग सावकाश वाढतो. अस्तरावरच्या लहानशा कोंबाची कर्करोगाची गाठ व्हायला बहुधा दहा-दहा वर्षे लागतात. एवढा काळ हाताशी असूनही दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाला, काही पाहण्यांत त्याहून अधिक जणांना, हा रोग कळतो तो आतडे पूर्ण बंद पडून रुग्णालयात धाव घ्यावी लागते तेव्हाच. त्या वेळी सर्जनपुढे दोन कामे एकदम येतात. साठलेला मळ आणि वायू यांना वाट करून देऊन जीव वाचवायचा असतो आणि वाट अडवणारी गाठ कर्करोगशास्त्राच्या नियमांनुसार समूळ काढायची असते. पहिले काम तातडीचे, दुसऱ्याला निवांत तयारी हवी. दोन्ही एकाच वेळी करावीत, की आधी एक आणि काही दिवसांनी दुसरे, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे. गेल्या अडीचशे वर्षांत त्याची उत्तरे अनेकदा बदलली आणि आजही बदलत आहेत. ज्या घरावर हा प्रसंग येतो तिथे निर्णयाला फार वेळ मिळत नाही. म्हणून ही उत्तरे आधीच समजून घेतलेली बरी.

आतडे अडते तेव्हा

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. उजवीकडे, जिथे लहान आतडे त्याला येऊन मिळते, तिथे ते रुंद असते आणि आतला मळ पातळ असतो. डावीकडे येईपर्यंत पाणी शोषले जाऊन मळ घट्ट होतो आणि आतड्याची पोकळीही अरुंद होते. त्यामुळे वाट बंद करणाऱ्या बहुतेक गाठी डाव्या बाजूला, विशेषतः सिग्मॉइड या वळणदार भागात सापडतात. उजवीकडची गाठ रक्तक्षय, थकवा, वजन घटणे अशी लक्षणे देत मोठी होत राहते आणि अडथळा आणलाच तर उशिरा आणते.

लहान आणि मोठ्या आतड्याच्या संगमावर एक झडप असते. अनेकांमध्ये ती मळ उलटा जाऊ देत नाही. अशा वेळी पुढे गाठ आणि मागे बंद झडप, अशा दोन टोकांमध्ये आतडे कोंडले जाते. वायू आणि द्रव साठत जातात आणि दाब चढतो. फुगा जिथे सर्वांत रुंद असतो तिथेच त्याची भिंत सर्वांत जास्त ताणली जाते. आतड्यात तो सर्वांत रुंद भाग म्हणजे उजव्या बाजूचा सीकम. म्हणून गाठ डावीकडे सिग्मॉइडमध्ये असली तरी फुटण्याचा धोका तिच्यापासून दूर, सीकमला असतो. सीकमची रुंदी १२ सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका जवळ आला असे मानतात. फुटले तर मळ पोटात पसरतो आणि मृत्यूची शक्यता अनेक पटींनी वाढते. गाठीच्या जागीच छिद्र पडले तर जंतुसंसर्गाबरोबर कर्करोगाच्या पेशीही पोटात सांडतात.

इकडे शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात अडकून पडतात, पोटॅशियम घटते, मूत्रपिंडांवर ताण येतो. यातले बरेच रुग्ण वयस्कर असतात. त्यांना मधुमेह, हृदयविकार असतो आणि कित्येक आठवडे धड जेवण गेलेले नसते. शस्त्रक्रियेची निवड करताना गाठीइतकाच या सगळ्याचाही विचार करावा लागतो.

पहिले काही तास

पोट फुगणे, कळा येणे, शौचाला न होणे आणि वारासुद्धा न सरणे ही ठळक लक्षणे. लहान आतडे अडले तर उलट्या लवकर सुरू होतात, मोठे अडले तर उशिरा. आधीचे काही महिने बारकाईने विचारले तर बहुतेकांच्या हकिगतीत खुणा सापडतात : शौचाच्या सवयीत बदल, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, शौचातून रक्त. हे रक्त मूळव्याधीचे समजून घरगुती उपाय करण्यात महिने जातात. पोट पूर्ण अडल्यावर एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्या देणे तर थेट घातक आहे, कारण बंद वाटेवर त्यामुळे दाब आणखी वाढतो.

निदानाचा आजचा आधार सीटी स्कॅन हा आहे. अडथळा कुठे आहे, गाठ आहे की आतड्याला पीळ पडला आहे, सीकम किती फुगले आहे, यकृतात रोग पसरला आहे का, हे एकाच तपासणीत बहुतांशी कळते. भारतात सिग्मॉइडला पीळ पडण्याचे प्रमाण बरेच आहे, आणि लहान-मोठ्या आतड्याच्या संगमावरचा क्षयरोगही गाठीसारखा दिसू शकतो. प्रत्यक्ष अडथळा नसताना आतड्याची हालचालच थांबून ते फुगते, असाही एक आजार आहे. त्याचे वर्णन इंग्रज सर्जन ओगिल्वी यांनी १९४८ मध्ये केले. या तिन्हींचे उपचार वेगळे असल्याने स्कॅन न करता पोट उघडण्याची घाई टाळावी.

स्कॅनबरोबरच सलाइन, क्षारांची भरपाई, नाकातून जठरात नळी, लघवीची नळी आणि प्रतिजैविके सुरू होतात. आतडे फुटले असेल किंवा फुटण्याच्या बेतात असेल तर शस्त्रक्रिया ताबडतोब करावी लागते. तसे नसेल तर रुग्णाला सावरायला काही तास, कधी एखादा दिवस मिळतो. या वेळाचे मोल मोठे आहे. तेवढ्यात अनुभवी सर्जन आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध होऊ शकतात, किंवा रुग्णाला सोयी असलेल्या रुग्णालयात हलवता येते. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांचा विशेष अनुभव असलेल्या सर्जनांच्या हातून तातडीच्या शस्त्रक्रियेचेही निकाल चांगले येतात, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे.

या शस्त्रक्रियेतली जोखीम किती असते, याचा एक विश्वसनीय आकडा ब्रिटनमधून मिळतो. तिथल्या कोलोप्रॉक्टॉलॉजी संघटनेने १४८ रुग्णालयांतील अशा १,०४६ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण १५.७ टक्के होते. वय, आधीची प्रकृती, रोगाचा टप्पा आणि शस्त्रक्रियेची तातडी या चार गोष्टींवर ते अवलंबून होते. नियोजित शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण याच्या अंशानेच असते. तातडीची शस्त्रक्रिया नियोजित कशी करता येईल, हा सगळा शोध या तफावतीतून सुरू होतो.

तीन टप्प्यांकडून एका टप्प्याकडे

आतड्याला पोटावर तोंड करून देण्याची, म्हणजे स्टोमाची कल्पना फ्रान्समध्ये लित्र यांनी १७१० मध्ये मांडली. ती गुदद्वाराविना जन्मलेल्या बाळांसाठी होती. कर्करोगाने अडलेल्या रुग्णावर ती पहिल्यांदा १७७६ मध्ये रूआँ शहरातील पियोर यांनी वापरली. अडथळा दूर व्हावा म्हणून त्या रुग्णाला आधी पारा पाजण्यात आला होता. स्टोमा नीट चालू लागला, पण पोटात साठलेल्या पाऱ्याने लहान आतड्याला इजा होऊन रुग्ण अठ्ठाविसाव्या दिवशी दगावला. १८३९ मध्ये पॅरिसच्या आम्युसा यांनी कमरेच्या बाजूने, पोटाचे अस्तर न उघडता मोठ्या आतड्याला तोंड करून दिले. भूल आणि जंतुनाशके यांच्या आधीच्या त्या काळात पोट उघडणे म्हणजे जवळपास मृत्यूच होता. आदल्याच वर्षी त्यांचे स्नेही, नामांकित वैद्य ब्रूसे, अशाच आजाराने गेले होते. आम्युसा या प्रश्नाकडे वळले ते त्या दुःखातून.

भूल आली, निर्जंतुक शस्त्रक्रिया आली, आणि गाठ काढणे शक्य झाले. तरी फुगलेल्या, मळाने भरलेल्या आतड्याची दोन टोके जोडली तर जोड सुटतो, हे अनुभवाने कळले होते. त्यातून तीन टप्प्यांची पद्धत रुळली : आधी स्टोमा, काही आठवड्यांनी गाठ काढून आतडे जोडणे आणि जोड भरून आल्यावर स्टोमा बंद करणे. ही पद्धत सावध होती, पण तीन शस्त्रक्रिया वयस्कर रुग्णाला पेलत नसत. कित्येकजण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नसत.

१९२१ मध्ये स्ट्रासबुर्ग येथील सर्जनांच्या परिषदेत आंरी हार्टमन यांनी वेगळा मार्ग सांगितला. गाठ काढायची, खालचे टोक शिवून आतच ठेवायचे आणि वरचे टोक पोटावर आणायचे. जोडच नसल्याने तो सुटण्याची भीती नाही. आज शंभर वर्षांनंतरही जगभरच्या आपत्कालीन विभागांत ही शस्त्रक्रिया होते, इतकी ती भरवशाची आहे. तिची उणीव दुसऱ्या टप्प्यात आहे. आतडे पुन्हा जोडणे ही मोठी शस्त्रक्रिया असते. त्यामुळे अनेकांची, काही पाहण्यांत निम्म्यापर्यंत रुग्णांची, तात्पुरती म्हणून दिलेली स्टोमाची पिशवी कायमची राहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्जनांचा कल एकाच शस्त्रक्रियेत काम संपवण्याकडे झुकला. ब्रिटनमधील डडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावरच आतडे धुऊन घेऊन जोडण्याची पद्धत मांडली. दुसरा पर्याय म्हणजे फुगलेले जवळजवळ सगळे मोठे आतडे काढून लहान आतडे खालच्या भागाला जोडणे. या दोन्हींची तुलना स्कॉटलंडमधील सर्जनांच्या पुढाकाराने झाली. स्कॉशिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ९१ रुग्ण होते. मृत्यू आणि गुंतागुंत यांत मोठा फरक दिसला नाही. मात्र जवळजवळ सगळे मोठे आतडे काढलेल्या रुग्णांना दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागत होते. म्हणून धुऊन, गाठीपुरता भाग काढून जोडणे बरे, असा निष्कर्ष निघाला. सीकमला इजा झाली असेल किंवा वर दुसरी गाठ असेल, तर मात्र मोठे आतडे जास्त काढणेच योग्य. पुढे धुण्याऐवजी हातांनी दाबून आतडे रिकामे केले तरी भागते, असेही दिसून आले.

जागेनुसार निवड

उजव्या बाजूच्या गाठीबाबत मतभेद कमी आहेत. उजवे मोठे आतडे काढून लहान आतडे उरलेल्या भागाला जोडतात. लहान आतड्याला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रियेतही हा जोड सहसा टिकतो. रुग्ण फार खालावला असेल, रक्तदाब औषधांवर असेल किंवा आतडे फुटले असेल, तर जोड न करता लहान आतड्याचे तोंड पोटावर आणणे शहाणपणाचे.

खरा पेच डाव्या बाजूचा. जागतिक आपत्कालीन शस्त्रक्रिया संघटनेने सुधारून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की आतडे फुटलेले नसेल आणि रुग्णाची प्रकृती बरी असेल, तर गाठ काढून लगेच जोडणे पसंत करावे. प्रकृती नाजूक असेल तर हार्टमन शस्त्रक्रिया करावी. वाचायला हे सरळ वाटते. प्रत्यक्षात बरी प्रकृती कुणाची म्हणायची, हा निर्णय सर्जनलाच घ्यावा लागतो. कुपोषण, रक्तातील अल्ब्युमिनची घट, स्टेरॉइड औषधे, खूप पातळ झालेली आतड्याची भिंत यांपैकी काहीही जोडाच्या विरोधात जाते.

गुदाशयाच्या गाठीचे गणित आणखी वेगळे आहे. तिथे बरेचदा आधी किरणोपचार आणि केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया केली तर निकाल चांगला येतो. म्हणून अडथळा आल्यावर गाठीला हात न लावता फक्त स्टोमा करतात आणि पुढचे उपचार क्रमाने होतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाळतात, कारण त्याने वेदना आणि सततची शौचाची भावना रुग्णाला हैराण करते.

स्टेंटची आशा आणि मर्यादा

गुदद्वारातून दुर्बीण घालून गाठीच्या अरुंद फटीत धातूच्या जाळीची नळी बसवायची, ती आपोआप उमलते आणि वाट मोकळी होते. ज्यांचा रोग पसरला आहे त्यांच्यासाठी हा उपाय १९९१ मध्ये पुढे आला. १९९४ मध्ये स्पेनमधील तेहेरो यांनी तो शस्त्रक्रियेपर्यंतचा पूल म्हणून वापरला. आधी स्टेंट, रुग्ण सावरला की नियोजित शस्त्रक्रिया, एकच जोड, पिशवी नाही. कल्पना इतकी आकर्षक होती की तिचा प्रसार चाचण्यांच्या आधीच झाला.

चाचण्यांनी उत्साहाला आवर घातला. नेदरलँड्समध्ये ९८ रुग्णांवर झालेली चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निकाल २०११ मध्ये आले, आणि तातडीच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्टेंट सरस असल्याचे त्यांत दिसले नाही. काही रुग्णांत स्टेंटमुळे आतड्याला छिद्र पडले होते. बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णाच्या गाठीत छिद्र पडले तर पेशी पोटात पसरून रोग परतण्याची भीती असते. त्यामुळे युरोपच्या एंडोस्कोपी संघटनेने २०१४ मध्ये अशा रुग्णांत स्टेंट नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असे सांगितले. २०२० मध्ये त्याच संघटनेने भूमिका सौम्य केली : धोके समजावून, रुग्णाबरोबर विचार करून स्टेंट हा एक पर्याय ठेवावा आणि नंतर सुमारे दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करावी.

ब्रिटनमधील क्रेस्ट चाचणीत २४५ रुग्ण होते. तिचे निकाल २०२२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. तातडीची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना स्टोमा लागला. स्टेंट घातलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या खाली होते. महिन्याभरातील मृत्यू सारखेच, आणि तीन वर्षांनी रोग परतण्याच्या प्रमाणातही फरक नव्हता. कुशल हातांत स्टेंट सुरक्षित आहे आणि पिशवी टाळण्याची शक्यता वाढवतो, जगण्याची मुदत मात्र वाढवत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. रोग पसरलेल्या रुग्णात शस्त्रक्रिया टाळून लवकर केमोथेरपी सुरू करायची असेल, तर स्टेंटचे महत्त्व निर्विवाद आहे. फक्त बेव्हॅसिझुमॅब हे औषध चालू असेल किंवा सुरू करायचे असेल तर छिद्राचा धोका वाढतो, हे लक्षात ठेवावे लागते.

जुन्या पहिल्या टप्प्याचे पुनरागमन

गेल्या काही वर्षांत अधिक विचार करायला लावणारे निष्कर्ष पुढे आले आहेत ते साध्या स्टोमाबद्दल. नेदरलँड्समधील राष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डाव्या बाजूच्या अडथळ्यात आधी फक्त स्टोमा केलेल्या आणि लगेच गाठ काढलेल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांची तुलना झाली. तातडीने गाठ काढलेल्या गटात नव्वद दिवसांतील मृत्यू सात टक्क्यांच्या आसपास होते, आधी स्टोमा केलेल्यांत दोन टक्क्यांहून कमी. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाणही स्टोमाच्या गटात जास्त होते. ही यादृच्छिक चाचणी नाही, त्यामुळे निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. तरीही कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. लहान छेद घेऊन आतड्याची एक घडी पोटावर आणण्याचे काम थोड्या वेळात होते आणि ते करायला कर्करोगतज्ज्ञच हवा असे नाही. नंतरच्या आठवड्यांत रुग्ण जेवू लागतो, रक्त वाढते, बायोप्सी आणि स्कॅन पूर्ण होतात. मग मोठी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून आणि तज्ज्ञाच्या हातून होऊ शकते.

शंभर वर्षांपूर्वीच्या तीन टप्प्यांशी याचे साम्य आहे, पण परिस्थिती बदलली आहे. आजची भूल, अतिदक्षता, पोषण आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांमुळे दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचणारे रुग्ण त्या काळापेक्षा खूप अधिक आहेत.

कर्करोग विसरून चालत नाही

तातडीच्या धावपळीत कर्करोगाचे नियम सैल पडण्याचा धोका असतो. गाठीबरोबर तिच्या रक्तवाहिन्या मुळापासून आणि किमान बारा लसिकाग्रंथी निघाव्यात, ही अपेक्षा तातडीच्या शस्त्रक्रियेतही तीच राहते. हे शक्य नसेल तर त्या दिवशी गाठ न काढता वाट मोकळी करून थांबणे अधिक प्रामाणिक. अडथळा घेऊन आलेला दुसऱ्या टप्प्यातील (स्टेज २) रोग जास्त जोखमीचा मानला जातो. म्हणून लसिकाग्रंथी मोकळ्या असल्या तरी केमोथेरपीचा विचार होतो. अडथळ्यामुळे आधी पूर्ण कोलोनोस्कोपी होऊ शकलेली नसते. ती नंतरच्या काही महिन्यांत करायलाच हवी, कारण काही रुग्णांत आतड्यात दुसरीकडेही गाठ असते.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे दरवर्षी सुमारे सत्तर हजार नवे रुग्ण आढळतात. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. कर्करोगाची नोंदणी मुंबईत १९६३ पासून आणि बार्शी येथे, देशातील पहिली ग्रामीण नोंदणी म्हणून, १९८७ पासून होते. शहरात हा रोग अधिक आणि खेड्यात कमी, असे त्या नोंदी सांगतात. मात्र खेड्यातल्या ज्या थोड्यांना तो होतो त्यांना निदान आणि उपचार यांसाठी लांबचा प्रवास करावा लागतो. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी आपल्याकडे सरकारी तपासणी कार्यक्रम आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तसा कार्यक्रम नाही. त्यामुळे अडथळा हेच पहिले लक्षण असलेले रुग्ण येत राहणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था उभारावी लागेल.

स्टेंट महाग आहे आणि तो बसवणारे निष्णात हात मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. साधा स्टोमा मात्र जिल्हा रुग्णालयातील जनरल सर्जनही सुरक्षितपणे करू शकतो. वाट मोकळी झालेल्या रुग्णाला मग घाई न करता कर्करोग केंद्राकडे पाठवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे. पण स्टोमाच्या पिशव्या, त्वचेची काळजी आणि समुपदेशन यांची सोय शस्त्रक्रियेइतकीच गरजेची आहे. पिशवीची लाज वाटून अनेकजण घराबाहेर पडणे सोडतात आणि काहीजण शस्त्रक्रियाच नाकारतात. पिशवी लावून माणसे शेती करतात, नोकरी करतात, प्रवास करतात. हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच कुणीतरी बसून सांगायला हवे.

या सगळ्या पुराव्यांतून एक निष्कर्ष ठामपणे निघतो. अडलेल्या आतड्याच्या पहिल्या दिवशी रुग्णाच्या शरीराला पेलेल आणि हाताशी असलेल्या टीमला नीट जमेल तेवढीच शस्त्रक्रिया करावी. सशक्त रुग्ण आणि तज्ज्ञ सर्जन असेल तर गाठ काढून जोडावे. नाजूक रुग्णात हार्टमन करावे किंवा फक्त स्टोमा करून थांबावे. अनुभवी हात असतील तिथे स्टेंटचा विचार करावा. पहिल्या दिवशी थांबणाऱ्या सर्जनला कमी लेखू नये, त्याने रुग्णाला पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवले आहे. वाचकांना सांगणे एवढेच : शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल किंवा कारणाशिवाय रक्त कमी झाले असेल, तर मूळव्याध म्हणून सोडून न देता कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि पोट फुगून वारासुद्धा सरेनासा झाला, तर घरात जुलाब न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.